बुधवारची बदली

मासे पाळायचं ठरलं तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं. आमच्या घरात निर्णय असेच होतात. यांनी लेकीला कबूल केलं, लेक हो म्हणाली, आणि मला कळलं ते थेट "टाकी कुठे ठेवायची?" या प्रश्नातून. मी म्हटलं, ठेवा माझ्या डोक्यावर. तर हे खरंच विचारात पडले. लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. दिवसभर लोकांना वर-खाली नेण्याची काळजी वाहून घरी येतो, तेव्हा थट्टा कळण्याइतकं त्राण त्याच्यात उरलेलं नसतं.

"साठ लिटर पाणी म्हणजे साठ किलो," हे म्हणाले. "वर काच, वाळू, दगड. साधं टेबल नाही टिकायचं."

म्हणजे टेबलही नवीन. आणि फिल्टर, दिवा, हीटर, पाण्यातली झाडं. मासा एवढासा बोटाच्या पेराएवढा आणि त्याची बडदास्त जावयासारखी.

लेक यांची, बारा वर्षांची, सातवीत. माझी म्हणायची तर चौदा महिन्यांपासून, म्हणजे आमचं लग्न झाल्यापासून माझी. तिची आई तीन वर्षांपूर्वी आजारपणात गेली. मी तिच्याच शाळेत गणित शिकवते. शाळेत मला सगळे बाई म्हणतात म्हणून ती घरातही बाईच म्हणते. "बाई, भाजी वाढा." "बाई, माझा निळा मोजा कुठंय?" पहिल्याच आठवड्यात हे तिला म्हणाले होते, अगं, घरात तरी दुसरं काहीतरी म्हण. मीच म्हटलं, राहू द्या, तिला वाटेल ते म्हणू दे. मोठा शहाणपणा केला. तेव्हापासून माझ्याच स्वयंपाकघरात मी सकाळ-संध्याकाळ कामावर हजर आहे.

शाळेत गणिताशिवाय माझ्याकडे आणखी एक खातं आहे: वेळापत्रक. बावीस वर्षं. कुठल्या वर्गाला कुठला तास, कुठले दोन शिक्षक एकमेकांचं तोंड बघत नाहीत, कुणाला जेवणानंतर तास दिला की झोप येते, हे सगळं माझ्या एका मोठ्या कागदावर असतं. आणि सकाळी एखादा शिक्षक आला नाही, तर पहिली घंटा व्हायच्या आत त्याच्या तासाला दुसरा लावायचा. त्याला आम्ही बदली म्हणतो. बावीस वर्षांत एकही वर्ग रिकामा राहिलेला नाही. मुलांना पत्ताही लागत नाही की कुणी गैरहजर होतं. या गोष्टीचा मला अभिमान होता, हे आत्ताच सांगून ठेवते.

तर रविवारी आम्ही तिघं माशांच्या दुकानात गेलो. खायच्या नव्हे, पाळायच्या. आत पाय ठेवताच ओलसर वास, वीस-पंचवीस पंपांची घरघर आणि सगळ्या भिंतीभर उजेडाचे चौकोन. दुकानदार हातात जाळी घेऊन फिरत होता. माणूस मोजून बोलणारा. त्याच्याकडून चार शब्द काढायचे म्हणजे नाकी नऊ.

यांनी सुरुवातीलाच उत्साह दाखवला. "तो केशरी मोठा द्या. तो पट्ट्यांचा. आणि तो त्रिकोणी, पंखवाला."

"केशरी म्हणजे गोल्डफिश. घाण फार करतो आणि त्याला गार पाणी लागतं," दुकानदार म्हणाला. "पट्ट्यांचा टायगर बार्ब, दुसऱ्यांच्या शेपट्या कुरतडतो. त्रिकोणी म्हणजे एंजल. मोठा झाला की लहान मासे खातो."

"मग चांगला कुठला?"

"चांगले सगळेच आहेत. एकत्र कोण राहतात, ते बघायचं."

मला तो माणूस एकदम आवडला. बावीस वर्षं मुख्याध्यापकांना मी हेच सांगतेय. पण यांच्या डोक्यात प्रकाश पडला नाही. यांनी दर दोन मिनिटांनी नवा मासा दाखवायचा, दुकानदाराने मान हलवायची. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी मी यांना बाहेर जाऊन टेबलाचं माप घ्यायला सांगितलं. टेबल घरी होतं, पण हे गेले.

लेक मात्र एकाच जागी उभी होती. गल्ल्याजवळच्या फळीवर काचेच्या बरण्या होत्या आणि प्रत्येक बरणीत एकेक मासा, मधे पुठ्ठे लावलेले. फायटर. तिच्यासमोरचा गडद निळा होता, झालरीसारखी शेपूट, अजिबात न हलता तिच्याकडे बघत होता.

"हा एकटाच का?" तिने विचारलं.

"दुसरा दिसला की भांडतो. एकटाच बरा असतो."

"मग मला हा हवाय."

"तो नको," मी म्हटलं. "टाकी सगळ्यांची आहे. सगळ्यांबरोबर राहील असाच मासा घ्यायचा."

ती काही बोलली नाही. ती असं काही बोलत नाही ना, तेव्हा मला फार राग येतो. एखाद्या मुलाने उलट उत्तर दिलं तर त्याला काय सांगायचं ते मला येतं. गप्प बसलेल्या मुलीला काय सांगायचं, ते कुठल्याही प्रशिक्षणात शिकवलेलं नाही.

त्या दिवशी मासे मिळालेच नाहीत. दुकानदार म्हणाला, टाकी लावा, पाणी भरा, फिल्टर चालू ठेवा, महिनाभराने या. पाणी तयार व्हावं लागतं. नळाच्या नव्या पाण्यात माशांची घाण पचवणारे जंतू नसतात, ते हळूहळू होतात, तोवर मासा टाकला की मेला.

"महिनाभर नुसतं पाणी?" हे म्हणाले.

"नुसतं पाणी."

झालं. दिवाणखान्यात साठ लिटर पाणी, वाळू, चार झाडं आणि त्यावर दिवा. येणारा प्रत्येक जण वाकून बघायचा आणि विचारायचा, मासे कुठे आहेत? शेजारीण तर पाच मिनिटं शोधत होती. शेवटी म्हणाली, "फार लहान आहेत का हो?" मी म्हटलं, हो, अगदी लहान. जंतू आहेत.

याच रिकाम्या महिन्यात वन्सं आल्या. वन्सं म्हणजे यांची थोरली बहीण. जीव लावणारी बाई, पण उंटावरून शेळ्या हाकण्यात हातखंडा. त्यांनी पर्समधून एक फॉर्म काढला. तीन तासांवर एक चांगली निवासी शाळा आहे, पोहण्याचा तलाव आहे, ग्रंथालय आहे, आठवीपासून प्रवेश.

"वहिनी, तुला म्हणून सांगते," त्या म्हणाल्या. "पोरीलाही मोकळं वाटेल आणि तुलाही. तुम्हा दोघांचं अजून नवं नवं आहे."

हे म्हणाले, "बघू की." हे सगळ्यांनाच बघू की म्हणतात.

खरं तर तेव्हाच मी फॉर्म परत द्यायला हवा होता. माझ्या अगदी जिभेवर आलं होतं की नको, ती कुठेही जाणार नाही. पण वाटलं, मी कोण सांगणारी? तिच्या आत्याने आणलंय, तिचा बाप समोर बसलाय, आणि मी चौदा महिन्यांची पाहुणी. म्हणून अगदी समजूतदारपणे म्हटलं, "तिचं तिलाच ठरवू दे." वर बघते तर लेक दारात उभी. तिने आत येऊन फॉर्म घेतला, वाचला आणि फ्रिजवर चुंबकाखाली लावून टाकला. शेवटची तारीख पुढच्या महिन्यातल्या शेवटच्या शुक्रवारची होती. त्यानंतर रोज दूध काढताना मला तो फॉर्म दिसायचा आणि रोज माझं डोकं फिरायचं. वन्संवर, यांच्यावर आणि सगळ्यांत जास्त माझ्या त्या समजूतदारपणावर.

माझं डोकं फिरलं की मी तक्ता करते. घरात मोठ्या कागदांचा गठ्ठा कायम असतो, वेळापत्रकासाठी आणलेला. एका संध्याकाळी मी एक कागद जेवणाच्या टेबलावर पसरला आणि माशांचं वेळापत्रक मांडलं. वरचं पाणी, मधलं पाणी, तळ, असे तीन रकाने. पुढे लांबी, किती गरम पाणी लागतं, कितींच्या घोळक्यात राहतो, स्वभाव, आणि शेवटचा रकाना "कुणाशी जमत नाही". हा शेवटचा रकाना मी शाळेच्या वेळापत्रकातही ठेवते, फक्त पेन्सिलने.

लेक पाणी प्यायला आली आणि थांबली. मग खुर्ची ओढून बसली. चौदा महिन्यांत पहिल्यांदा ती माझ्या शेजारी स्वतःहून बसली होती. मी आखत राहिले.

"निऑन टेट्रा मधल्या पाण्यात," ती म्हणाली. "ते सहा तरी लागतात. एकटा असला तर घाबरून रंग सोडतो."

"तुला कसं माहीत?"

"वाचलं. आणि गप्पी वर. फक्त नर घ्यायचे, त्यांचेच रंग छान असतात, आणि मादी घेतली तर पिल्लंच पिल्लं. तळाला छोटे कॅटफिश, मिशावाले. ते सोज्वळ असतात."

"लिही सोज्वळ."

तिने स्वभावाच्या रकान्यात सोज्वळ लिहिलं. अक्षर अगदी तिच्या आईसारखं आहे, असं हे एकदा म्हणाले होते. मग पेन तसंच धरून तिने विचारलं, "आणि फायटरला कुठला तास?"

"त्याला आपल्या शाळेत नोकरी नाही."

"एकटा राहणारा वाईट असतो का?"

"वाईट नसतो. त्याची टाकी वेगळी असायला हवी, एवढंच."

मी माशाबद्दल बोलत होते. समोर फ्रिजवर तो फॉर्म लटकतोय आणि मी वेगळ्या टाकीच्या गोष्टी सांगतेय, हे मला तेव्हा कळलं नाही. गणिताच्या बाईला दोन अधिक दोन दिसले नाहीत.

महिना झाल्यावर दुकानदाराने आमचं पाणी एका नळीत घालून तपासलं आणि मान डोलावली. आधी सोज्वळ मंडळी आणली, मग आठवड्याने तीन गप्पी, आणि आणखी दोन आठवड्यांनी सहा निऑन. एकदम सगळे टाकायचे नाहीत, पाण्यावर भार येतो. यांनी मधेच एकदा गुपचूप टायगर बार्ब आणायचा बेत केला होता, तो मी हाणून पाडला.

निऑन पाण्यात सोडले तेव्हा मात्र मीही हातातलं काम सोडून बघत राहिले. निळी रेघ, खाली लाल रेघ, आणि सहा जण एकदम वळले की सगळी टाकी वळल्यासारखी. लेक जमिनीवर मांडी घालून दोन तास बसली. त्यानंतर रोजच. सकाळी सहाला उठून तीच खायला घालायची. संध्याकाळी गृहपाठ टाकीसमोर. आणि बोलायची! "बाई, गप्पी फिल्टरशी शर्यत लावतोय." "बाई, मिशावाला वाळूत तोंड खुपसून बसलाय, वन्संसारखा." वन्संसारखा! आत्याला ती माझ्या शब्दाने म्हणाली. मी भाजी परतता परतता हसले आणि हसतेय हे दिसू नये म्हणून फोडणीच्या नावाने खोकले. फॉर्म अजून फ्रिजवर होता, पण कोरा होता. मला वाटलं, निभावलं.

आणि मग शेवटच्या आठवड्यातल्या मंगळवारी एक निऑन मेला.

लेक खेळाच्या सरावासाठी लवकर गेली होती. हे कुठल्याशा इमारतीत माणसं अडकली म्हणून पहाटेच पळाले होते. मी सात वाजता टाकीचा दिवा लावला तर झाडामागे एक निऑन आडवा, रंग उडालेला. मी धसकले. मासा मेला म्हणून नव्हे, खोटं कशाला बोलू. तीन दिवसांवर शुक्रवार होता, आणि माझी सगळी आशा या टाकीत पोहत होती.

मग माझ्यातली वेळापत्रकवाली जागी झाली. गैरहजर एक. घंटा व्हायच्या आत बदली.

जाळी शोधली, सापडली नाही, कारण यांनी ती कसल्याशा लिफ्टमधला स्क्रू काढायला नेली होती. शेवटी चहाच्या गाळणीने मासा काढला. स्वयंपाकघराच्या खिडकीतल्या कुंडीत चमच्याने खड्डा करून पुरला. शाळेत गेले आणि मधल्या सुट्टीनंतरच्या माझ्या स्वतःच्या तासाला बदली लावली. बावीस वर्षांत पहिल्यांदा. विज्ञानाच्या बाई म्हणाल्या, "तब्येत बरी नाही का?" मी म्हटलं, घरचं काम आहे. स्कूटर काढली, दुकान गाठलं, म्हटलं, एक निऑन.

"एकच? का?"

"एक गेला."

"पाणी तपासा आधी. दोन-चार दिवस थांबा."

"थांबायला वेळ नाही," मी म्हटलं.

त्याने खांदे उडवले आणि पिशवीत एक निऑन भरून दिला. त्यातल्या त्यात मोठा बघून घेतला, आमच्यांइतका दिसावा म्हणून. पिशवी पाण्यात तरंगत ठेवली, वीस मिनिटं पाणी सारखं होऊ दिलं, सोडला. तो जाऊन पाचांत मिसळला. मोजले: सहा. परत शाळेत येऊन शेवटचा तास घेतला. पूर्णांक-अपूर्णांक. फार छान शिकवलं त्या दिवशी.

संध्याकाळी लेक आली, दप्तर टाकलं, टाकीसमोर बसली. मी दारातून बघत होते. ती बराच वेळ बघत राहिली.

"बाई, आज काही झालं का?"

"कुठे?"

"टाकीत."

"काही नाही. सगळे हजर आहेत."

तिने मान हलवली. उठली, फ्रिजकडे गेली, चुंबक काढलं आणि फॉर्म घेऊन आपल्या खोलीत गेली. दार बंद झालं. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

हे आले तेव्हा ती बाहेर आली. फॉर्मचं पहिलं पान भरलेलं होतं, सुंदर अक्षरात. "बाबा, इथे सही कर. शुक्रवारपर्यंत द्यायचाय."

यांनी माझ्याकडे पाहिलं. मी यांच्याकडे पाहिलं. हे म्हणाले, "बघू की, चहा तरी..."

"बघू की नको!" मी एवढ्या जोराने ओरडले की गप्पी दगडामागे गेले. "दर वेळी बघू की! काय बघणार आहात? आणि तुला गं काय झालं एकाएकी? कालपर्यंत बरी होतीस!"

"बुधवार कुठंय?" लेक म्हणाली.

"उद्या," हे म्हणाले.

"तो बुधवार नाही. माझा बुधवार." तिने टाकीकडे बोट केलं. "सोमवार ते शनिवार सहा आहेत. बुधवारच्या शेपटीला खाच होती. सकाळी सहाला तो मेलेला होता, झाडामागे. मी बघितलं. मी त्याला तसाच ठेवला."

"का?" मी विचारलं.

"तुम्ही सांगता का ते बघायला."

यांनी हळूच माझ्या कानाशी म्हटलं, "तिने नावं दिली होती माशांना. वारांची." ही गोष्ट यांना ठाऊक होती! या घरात मला काही सांगायचंच नाही असा ठराव झालाय की काय?

"घरी आले तर सहा," लेक म्हणाली. आवाज अगदी सपाट होता. "आमच्याकडे कुणी गेलं की लगेच दुसरं येतं. म्हणजे कुणी गेलं होतं हेच दिसत नाही."

"चिमणे, असं बोलू नये," हे म्हणाले.

"बोलू द्या तिला."

मला राग आला. आधी रागच आला. एवढीशी पोर माझी परीक्षा घेते? मी उन्हातान्हात तास सोडून धावले, ते कुणासाठी? असं सगळं तोंडाशी आलं. आणि मग तिचं वाक्य पुन्हा एकदा ऐकू आलं, आणि कळलं की ते माशाबद्दल नव्हतं. बदली कोण आहे, ते साऱ्या घराला ठाऊक होतं. तिच्या आईच्या जागी पहिल्या घंटेआधी उभी केलेली बाई. कुणी रिकाम्या तासाला बसून रडू नये म्हणून.

मी खाली तिच्यासमोर बसले. गुडघा वाजला.

"मी खोटं बोलले," मी म्हटलं. "तू रडशील म्हणून केलं असं सांगणार होते, पण तेही खोटं आहे. मला रिकामी जागा बघवत नाही. बावीस वर्षं भरतच आलेय. आणि हे मासे बिघडले तर तू जाशील, अशी भीती वाटली."

"मी जावं असंच तुम्हाला वाटतं ना? तुम्हीच म्हणालात, तिचं तिला ठरवू दे. आणि वेगळी टाकी."

"अगं, ते फायटरचं होतं!"

"मला काय माहीत!"

"मला नकोय तू जायला!" मी पुन्हा ओरडतच होते; मला हळू बोलता येत नाही, वर्गाची सवय. "पहिल्या दिवसापासून नकोय. तो फॉर्म बघून रोज माझं रक्त आटतं. मासा मेला तर मी दुसरा आणेन, चुकले, नाही आणणार. पण तू गेलीस तर त्या जागी मी कुणाला आणू?"

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"मला वाटलं, माझा काय हक्क!"

"मी भाजी उरवली तर हक्काने ओरडता," लेक म्हणाली. तिचं नाक लाल झालं होतं. "तेवढ्याच हक्काने सांगायचं ना."

हे दोघींच्या मधे उभे होते, हातात फॉर्म, बंद पडलेल्या लिफ्टसारखे.

मग लेकीने विचारलं, "कुठे ठेवलाय त्याला?"

मी तिला स्वयंपाकघरात नेलं, कुंडी दाखवली. तिने वरच्या मातीला बोट लावलं.

"कशाने काढलात? जाळी तर बाबाने नेली होती."

"गाळणीने."

"चहाच्या?"

"टाकून दिली नंतर."

"तरीच," हे मागून म्हणाले, "गाळणी जागेवर दिसत नाही."

लेकीच्या तोंडातून हसण्यासारखा आवाज निघाला आणि त्याचंच रडणं झालं. ती कुंडीपाशी उभी राहून रडली, बराच वेळ, आणि मला ठाऊक आहे की ते एका माशासाठी नव्हतं. मी हात तिच्या पाठीवर ठेवला. तिने झटकला नाही. मी काही बोलले नाही, काही सुचवलं नाही, पाणी आणायला गेले नाही. काहीही न भरता नुसतं उभं राहणं मला किती जड गेलं, ते माझं मला ठाऊक.

"नव्याचं काय करायचं?" शेवटी मीच विचारलं. "परत देऊ?"

तिने डोळे पुसले. "त्याला कशाला परत? त्याने काय केलंय?" मग म्हणाली, "राहू दे. पण तो बुधवार नाही. त्याला त्याचं वेगळं नाव द्यायचं."

पुढचे दोन दिवस ती फारशी बोलली नाही. फॉर्म फ्रिजवर नव्हता आणि मी विचारला नाही. दोन दिवस मी तोंड कसं बंद ठेवलं, हे विज्ञानाच्या बाईंना विचारा. माझा सगळा राग त्यांच्यावर निघाला. यांना सही केली का, विचारलं तर म्हणाले, "तिने फॉर्म परत मागून घेतला." पुढे काय झालं, ते यांनी तिला विचारलं असेल, ही अपेक्षा मीही केली नाही.

शुक्रवारी शाळेतून आले तर टाकीच्या वरच्या भिंतीवर मी लावलेला तक्ता नव्हता. त्या जागी दुसरा, लहान कागद चिकटवलेला. पट्टीने आखलेला, माझ्यापेक्षा सरळ रेघा. वरचं पाणी, मधलं पाणी, तळ. मधल्या पाण्यात सात चौकोन. सोमवार, मंगळवार. मग बुधवारचा चौकोन: त्यात काही लिहिलेलं नव्हतं, फक्त कडा गडद केल्या होत्या. मग गुरुवार, शुक्रवार, शनिवार. आणि शेवटी, सातवा: रविवार. स्वभावाच्या रकान्यात त्याच्यापुढे लिहिलं होतं, "नवीन. आवाज मोठा. बाकी बरा."

मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. निऑनला आवाज नसतो.

कागद जरा जाड वाटला म्हणून कोपरा उचलून बघितला. मागे छापील अक्षरं होती, मधे तिचं हस्ताक्षर. विद्यार्थिनीचे संपूर्ण नाव. पालकाची सही. प्रवेश अर्ज स्वीकारण्याची अंतिम तारीख.

लेक टाकीसमोर गृहपाठ करत होती. मान वर न करता म्हणाली, "दुसरा कागद नव्हता घरात."

माझ्या पाठीमागे, कपाटावर, मोठ्या कागदांचा गठ्ठा होता. चाळीस तरी असतील.

"हो," मी म्हटलं, "संपलेत वाटतं." आणि चहा ठेवायला आत गेले.